मालदीवच्या उथळ पाण्यात डिजिटल चार्टवर किती भरवसा ठेवावा?

शिडाची_होडी

नमस्कार मंडळी. इथे समुद्रावर काम केलेले बरेच जण आहेत म्हणून जरा सविस्तर विचारतोय. येत्या जानेवारीत आम्ही चौघं मित्र एक ४० फुटी कॅटमरान (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) कोचीहून मालदीवला न्यायचं ठरवतोय. कोचीत कागदपत्रं आणि क्लिअरन्स, तिथून साधारण २६० सागरी मैलांवर मालदीवच्या उत्तर टोकाचं उलिगन, तिथे एजंटमार्फत एंट्री, आणि मग एकेक ॲटॉल (प्रवाळ बेटांचं कडं) करत हळूहळू खाली दक्षिण टोकाच्या अड्डूपर्यंत. खुल्या समुद्राचं मला एवढं टेन्शन नाही, चौघांनीही गोवा-कोची केलेलं आहे आणि त्या दिवसांत ईशान्येचा वारा बऱ्यापैकी स्थिर असतो. टेन्शन आहे ते ॲटॉलच्या आत शिरल्यावरचं.

बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडणारा भाग, १.२ मीटर. बोटीवर चार्टप्लॉटर (चार्टवर आपली जागा दाखवणारा स्क्रीन) आहे, टॅबवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप आहेत, दोन्हींचे चार्ट विकत घेतलेत. घरी बसून रूट आखायला घेतला आणि तिथेच अडकलो, कारण एकाच बेटाभोवतीचं प्रवाळ दोन ॲपमध्ये दोन आकारांचं दिसतं. एकात आत शिरायची वाट पूर्वेला आहे, दुसऱ्यात तिथे सलग रीफ, म्हणजे प्रवाळाची भिंत. सॅटेलाइट फोटो उघडला तर वाट आहे, पण दोन-तीनशे मीटर सरकलेली. आता यातलं खरं कुठलं मानायचं? आणि जे लोक तिथे जाऊन आलेत ते नेमकं काय बघून बोट आत घालतात? ॲप कुठलं चांगलं याची यादी नको, ती नेटवर भरपूर आहे. मला यामागचं समजून घ्यायचंय.

वीकेंड_सेलर

एवढं काही नाही हो. आजकाल जगभरचे लोक याच ॲपवर फिरतात. चार्ट अपडेट करा, जीपीएस चालू ठेवा, डेप्थ अलार्म ३ मीटरला लावा आणि निघा. उगाच जास्त विचार केला तर माणूस धक्क्यावरच राहतो.

शिसं_आणि_दोरी

वीकेंड_सेलर, तुमचा उत्साह आवडला, पण डेप्थ अलार्मचं जे लिहिलंत ते मालदीवला लागू पडत नाही. हा धागा आणखी कोणी वाचून तसंच निघेल, म्हणून आधी ते सांगतो. तिथलं प्रवाळ भिंतीसारखं सरळ वर येतं. ॲटॉलच्या आत ४०-५० मीटर पाणी असतं आणि बोटीच्या दोन-तीन लांबींत ते एक मीटरवर येतं. इको साउंडर तुमच्या खालचं पाणी मोजतो, पुढचं नाही. अलार्म वाजेल तेव्हा नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, रीफवर गेलेली असेल. आपल्या कोकण किनाऱ्यावर तळ हळूहळू चढत येतो, एकेक वाव पाणी कमी होताना कळतं, म्हणून आपल्याला अलार्मची सवय असते. तिथे ती सवय सोडून जा.

आता होडीवाल्यांचा प्रश्न. मी नौदलाच्या जलसर्वेक्षण शाखेत होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हे काम अंगात मुरलेलं आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुम्हाला स्क्रीनवर जी रेषा दिसते ती कोणीतरी कधीतरी मोजलेली असते. कधी मोजली आणि कशाने मोजली हे स्क्रीन सांगत नाही, रेषा मात्र सगळीकडे सारखीच ठळक आणि सारखीच रंगीत. गेल्या वर्षी मल्टिबीमने (तळाचा रुंद पट्टा एकदम मोजणाऱ्या सोनारने) मोजलेला बंदराचा भाग आणि शिडाच्या जहाजांच्या काळात शिसं टाकून मोजलेला भाग दोन्ही त्याच निळ्या रंगात रंगवलेले असतात. सगळी गफलत इथून सुरू होते.

मालदीवची पहिली पद्धतशीर मोजणी आपल्या मुंबईतून झाली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बॉम्बे मरीन म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचं जे आरमार होतं, ज्याचं नाव १८३० मध्ये इंडियन नेव्ही झालं, त्यातला कमांडर रॉबर्ट मोरेस्बी १८३४ ते १८३६ या काळात 'बनारस' आणि 'रॉयल टायगर' ही जहाजं घेऊन तिथे होता. त्याआधी तो तांबड्या समुद्राची मोजणी करून आलेला. तापाने माणसं आजारी पडत होती, तरी त्यांनी सगळी द्वीपमाला उतरवली. ते काम इतकं चोख होतं की डार्विनने प्रवाळ बेटं कशी बनतात हे मांडताना याच नकाशांचा आधार घेतला, आणि जहाजं पुढे शंभराहून जास्त वर्षं त्यावरच चालली. बा आणि रा ॲटॉलच्या मधल्या वाटेला अजून मोरेस्बी चॅनेल म्हणतात. मला त्या माणसांबद्दल फार आदर आहे.

पण दोरीला शिसं बांधून मोजणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत काठी टेकवत चालणं. जिथे काठी टेकली तिथलं कळलं, दोन टेकण्यांच्या मधे काय आहे ते नाही कळलं. खुल्या पाण्यात हे चालून जातं. प्रवाळाच्या पाण्यात दोन आकड्यांच्या मधेच एखादं डोकं पाण्याखाली मीटरभरावर उभं असतं आणि चार्टवर तिथे स्वच्छ निळा रंग.

दुसरी गोष्ट जागेची. त्या काळी अक्षांश-रेखांश तारे आणि क्रोनोमीटरवरून काढत. बेटाचा आकार आणि आजूबाजूच्या बेटांशी अंतर बरोबर यायचं, पण अख्खा समूहच्या समूह थोडा पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकलेला असायचा. तेव्हा जहाजवाला बेट डोळ्याने बघून दिशा घेत असे, त्यामुळे फरक पडत नव्हता. आता तुमचा जीपीएस पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर असतो आणि खालचा चार्ट दोनशे मीटर सरकलेला असू शकतो. पुढे उपग्रह चित्रांवरून बरंच जुळवून घेतलं गेलं, पण ते सगळ्या कंपन्यांनी सगळ्या बेटांना सारखं केलेलं नाही. तुमची दोन ॲप वेगवेगळी दिसण्याचं कारण बहुतेक हेच, दोघांनी मूळ सामग्री वेगळी घेतली किंवा वेगळ्या वेळी सुधारली.

खात्री कशी करायची? अधिकृत ईएनसीमध्ये (सरकारी इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये) एक थर असतो, त्याला कॅटझॉक म्हणतात. मोजणीच्या दर्जाप्रमाणे समुद्राचे तुकडे पाडलेले असतात: ए१, ए२, बी, सी, डी आणि न तपासलेलं असेल तर यू. ए१ म्हणजे जागेतली चूक ५ मीटरच्या आत आणि तळाचा कोपरान् कोपरा मोजलेला. बी म्हणजे ५० मीटर. सी म्हणजे जागेतच ५०० मीटरपर्यंत चूक असू शकते, आणि डी त्याहून वाईट. ५०० मीटर म्हणजे उलिगनसारख्या बेटाच्या रीफची सगळी वाट त्यात बसली. इक्डिसवर (मोठ्या जहाजांवरच्या डिजिटल चार्ट यंत्रणेवर) हे चांदण्यांनी दाखवतात, ए१ला सहा चांदण्या आणि डीला दोन. हौशी ॲपमध्ये हा थर बहुधा लपलेला असतो किंवा नसतोच. पण असेल तर रूट आखण्याआधी तो उघडा, कारण बाकी सगळे आकडे किती मानायचे ते त्यावरून ठरतं.

आता नवीन मोजणी होत नाही का, तर होते. भारत आणि मालदीवने २०१९ मध्ये जलसर्वेक्षणाचा करार केला आणि आपल्या सर्वेक्षण जहाजाने तिथे संयुक्त मोजणी केलीही. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्या सरकारने करार पुढे न नेण्याचं जाहीर केलं. राजकारणावर मी काही लिहिणार नाही. जिथे एकदा मल्टिबीम फिरला तिथे पुढची पन्नास वर्षं कोणाचा तरी जीव वाचतो, एवढंच मला माहीत आहे, आणि ते काम कुणाच्याही हाताने होवो, पण व्हायला हवं. त्यातही मोठं जहाज बंदरं आणि जहाजांचे मार्ग मोजतं. तुमची कॅटमरान जिथे नांगर टाकणार त्या चिंचोळ्या लगूनमध्ये (रीफच्या आतल्या उथळ पाण्यात) कोणी मुद्दाम जाऊन मोजलंय असं धरून चालू नका.

अनघा_नौपाडा

काका, किती छान लिहिलंत. माझा समुद्राशी संबंध फक्त मांडवा लाँचपुरता आहे पण शेवटपर्यंत वाचलं. एक शंका, डिजिटल चार्टवर आपण झूम करतो तेव्हा जास्त माहिती दिसायला लागते ना? मग जवळ जाऊन बघितलं की कळणार नाही का?

सेकंड_मेट

अनघाताई, तुमचा प्रश्न अगदी वर्मावरचा आहे, यावर अपघात झालेत. मी सध्या रजेवर घरी आहे त्यामुळे लिहायला वेळ आहे.

डिजिटल चार्टमध्ये वेगवेगळ्या स्केलचे चार्ट एकावर एक ठेवलेले असतात. झूम आउट केलं की स्क्रीनवर गर्दी होऊ नये म्हणून बारीकसारीक गोष्टी लपवल्या जातात, प्रत्येक वस्तूला कुठल्या स्केलनंतर लपायचं ते लिहून ठेवलेलं असतं. जहाजाच्या इक्डिसमध्ये धोक्याच्या वस्तू राहाव्यात म्हणून नियम आहेत, रूट चेक चालवता येतो, सेफ्टी कंटूर, म्हणजे सुरक्षित खोलीची रेघ, सेट करता येतो. तरीही अख्खी रीफ नजरेतून सुटू शकते.

२९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणा शर्यतीतली 'टीम वेस्टास विंड' ही बोट केपटाउनहून अबुधाबीला जात होती. मॉरिशसच्या ईशान्येला साधारण ४३० किमीवर कार्गाडोस काराजोस नावाचा प्रवाळांचा मोठा पट्टा आहे, त्यावर अंधार पडल्यावर १९ नॉट वेगाने जाऊन आदळली. जगातले निवडक सेलर, उत्तम उपकरणं. नॅव्हिगेटरने तो भाग बघितला होता पण कमी झूमवर, तिथे फक्त उथळ पट्टा आणि ४० मीटर पाणी दिसत होतं. कोरडी रीफ आणि बेटं त्या पातळीवर दिसतच नव्हती, पुरेसं झूम केल्यावरच दिसायची. नऊच्या नऊ जण वाचले ही देवाची कृपा. नंतरच्या चौकशी अहवालात चार्ट त्या स्केलला धोका नीट दाखवत नाहीत हेही स्पष्ट लिहिलंय.

आणि 'वाकाशिओ' तर सगळ्यांना आठवत असेल, २५ जुलै २०२०, पुन्हा मॉरिशसच. मोबाइलची रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेलं आणि त्या भागाचा मोठ्या स्केलचा (जास्त बारकावे दाखवणारा) चार्टच वापरला नाही. किनाऱ्यापासून मैलभरही अंतर नव्हतं, १० मीटर पाणी, आणि ते एवढं मोठं बल्क कॅरिअर. मग तेल सांडलं, खारफुटी आणि लगून काळं झालं.

आता उलटी बाजू. झूम इन करत गेलात की एका टप्प्यानंतर नवीन माहिती येत नाही, असलेलीच रेषा मोठी होते. १:३,००,००० च्या चार्टवरची रेषा तुम्ही १:५,००० पर्यंत ताणली तर ती सुंदर गुळगुळीत दिसते आणि आपल्याला वाटतं वा किती डिटेल आहे. इक्डिसवर अशा वेळी ओव्हरस्केलची उभ्या रेघांची खूण येते, ॲपमध्येही कोपऱ्यात कुठेतरी बारीक अक्षरात येते. ती शोधा, आणि ती आली की तिथून पुढे चार्टकडून काही मागू नका.

म्हणून होडीवाले दादा, रूट आखून झाला की पहिल्या पॉइंटपासून शेवटच्यापर्यंत अख्खी रेघ मोठ्या झूमवर सरकवत बघायची, दोन्ही बाजूंना मैलभर. कंटाळवाणं आहे. आम्ही जहाजावर हेच करतो, आणि एकाने केलं की दुसरा परत बघतो.

शिडाची_होडी

बापरे, खूप काही मिळालं. काका, कॅटझॉक बघितलं. एका ॲपमध्ये मेनूत खोल सापडलं, आमच्या रूटवर मोजकेच तुकडे बी आहेत आणि बाकी सगळं सी-डी. आता सॅटेलाइटबद्दल कोणी सांगेल का? तिथे फिरणारे लोक ओपनसीपीएनमध्ये सॅटेलाइट फोटो चार्टसारखे टाकतात असं वाचलं, ते कसं करतात?

पिक्सेल

हा माझा विषय. पुण्यात रिमोट सेन्सिंगमध्ये काम करते, बोट चालवत नाही, पण उथळ पाण्याच्या चित्रांवर बरंच काम केलंय.

ओपनसीपीएन हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्यात ५.० पासून एमबीटाइल्स नावाची फाइल चार्ट म्हणून थेट उघडता येते. ही फाइल तुम्ही स्वतः बनवू शकता. युरोपच्या कोपर्निकस या कार्यक्रमाच्या साइटवर सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं सगळ्यांना खुली आहेत, दर पाच दिवसांनी त्याच जागेचं नवीन चित्र येतं. मालदीववर ढग फार, त्यामुळे मागच्या दोन-तीन वर्षांतले कमी ढगांचे आणि पाणी चमकत नसलेले दिवस शोधा, डाउनलोड करा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये लोड करा, थोडा कॉन्ट्रास्ट वाढवा आणि तिथूनच एक्सवायझेड टाइल्स एमबीटाइल्समध्ये काढा. झूम १० ते १५ पुरतं. मोठ्या कंपन्यांची जी अर्ध्या-एक मीटरची स्पष्ट चित्रं असतात ती साठवून ठेवण्यावर त्यांच्या अटी असतात त्या वाचून घ्या.

उपग्रह चित्राचा मोठा फायदा हा की त्याची जागा जीपीएसच्याच चौकटीत असते आणि चूक साधारण दहा-बारा मीटरच्या आसपास. म्हणजे रीफची कड आणि आत शिरायची वाट कुठे आहे या प्रश्नावर मी डोळे झाकून चित्राच्या बाजूने असेन. तुमच्या धाग्यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

खोलीचं मात्र वेगळं आहे. स्वच्छ पाण्यात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच विरून जातो, हिरवा त्याच्या खाली जातो, निळा आणखी खाली. निळ्या आणि हिरव्या पट्ट्याच्या लॉगचं गुणोत्तर घेतलं तर ते खोलीबरोबर साधारण सरळ रेषेत बदलतं, ही पद्धत २००३ मध्ये स्टम्फ आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि आजही तीच पायाला आहे. ती जागेवर बसवायला काही खऱ्या खोल्या लागतात. पूर्वी त्यासाठी बोट न्यावी लागे, आता सप्टेंबर २०१८ मध्ये सोडलेला आइससॅट-२ उपग्रह हिरवा लेझर मारतो आणि स्वच्छ पाण्यात तीसेक मीटरपर्यंतचा तळ मोजतो, तो डेटाही फुकट आहे. बर्फ मोजायला सोडलेला उपग्रह प्रवाळाच्या कामाला येतो हे मला अजूनही फार भारी वाटतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या म्हणजे घ्याच. सेंटिनेलचा एक पिक्सेल १० मीटरचा. तीन मीटर रुंदीचं एकटं प्रवाळाचं डोकं त्या पिक्सेलमध्ये आजूबाजूच्या वाळूत मिसळून जातं, चित्रात त्याचा मागमूसही राहत नाही. शिवाय समुद्री गवताचा गडद पट्टा गणिताला खोल पाणी वाटतो. त्यामुळे चित्रावरून वाट शोधा, नांगराची जागा निवडा, पण 'इथे २.३ मीटर' असा आकडा काढून त्यावर बोट घालू नका.

मालवणचो_झिल

पिक्सेलताई, हा आमच्याकडे चालेल काय? सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडपा इतकी आसत की नवीन माणूस बोट घेऊन इलो तर आमी किनाऱ्यावरसून हात करतो. आमचे तांडेल सगळे फिश फाइंडर आणि जीपीएस वापरतात, खडपांचे पॉइंट ज्याचे त्याने भरलेले आसत, बापाकडून मुलाकडे मशीनसकट जातत.

पिक्सेल

नाही चालणार दादा, निदान बराच काळ नाही. कोकणातलं पाणी गढूळ, पावसाळ्यात आणि नंतरही गाळ असतो, प्रकाश तळापर्यंत पोचून परत येत नाही. गढूळ पाण्यात सोनारला पर्याय नाही. लक्षद्वीपला मात्र छान चालतं, तिथलं पाणी मालदीवसारखंच. तुमच्या तांडेलांनी भरलेले पॉइंट कोणी एकत्र केले, अर्थात त्यांना विचारून आणि त्यांची मासेमारीची जागा उघडी न पाडता, तर फक्त खडपांचा एक नकाशा फार मोलाचा होईल.

निळाई

मी मालदीवमध्ये डाइव्ह सफारी बोटींवर इन्स्ट्रक्टर म्हणून काम केलंय, घर मालवणचंच. वरच्या सगळ्यांनी लिहिलेलं पटलं. तिथले लोक काय बघतात असं होडीवाल्यांनी विचारलं होतं, ते सांगते.

तिथल्या धोनी नावाच्या बोटींचे कॅप्टन पाण्याचा रंग बघतात. प्लॉटर असतो पुढे, पण आत शिरताना नजर पाण्यावर. गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळूवरचं उथळ, हिरवट झालं की सावध, आणि पिवळट तपकिरी दिसलं की ते प्रवाळ आहे आणि वर आलेलं आहे. यासाठी सूर्य वर आणि तुमच्या पाठीमागे हवा. सकाळी साडेनऊ-दहा ते दुपारी तीन, एवढीच वेळ आत शिरायची आणि बाहेर पडायची. सूर्य समोर असेल तर पाणी नुसतं चमकतं, काहीही दिसत नाही, मग चार्ट कितीही चांगला असो. पोलराइज्ड गॉगल चौघांनाही घ्या. एक माणूस पुढे नाळेवर उभा, जमलं तर आणखी वर चढून, आणि सुकाणूवाल्याशी हाताच्या खुणा आधी ठरवलेल्या, कारण इंजिनच्या आवाजात ओरडलेलं कळत नाही.

ढगाची सावली हुबेहूब रीफसारखी दिसते. थांबा, सावली सरकते आणि रीफ सरकत नाही.

तिथे दोन शब्द सारखे कानावर पडतील, थिला आणि गिरी. थिला पाण्याखाली बऱ्यापैकी खोल राहते, त्यावरून बोटी जातात आणि आम्ही तिथेच डाइव्ह करतो. गिरी जवळजवळ पृष्ठभागापर्यंत येते, तीच तुमची शत्रू. ॲटॉलच्या आत अशा असंख्य, चार्टवर काही आहेत, काही नाहीत, काहींची जागा चुकलेली. आणि दोन ॲटॉल किंवा दोन रीफमधली वाट म्हणजे कंडू. तिथे प्रवाह जोरात असतो, ईशान्य मोसमात साधारण पश्चिमेकडे. तुम्ही नाळ सरळ वाटेकडे ठेवाल आणि बोट आडवी सरकत कडेच्या रीफकडे जाईल. प्लॉटरवर बोटीचं तोंड बघू नका, जीपीएसची कोर्स ओव्हर ग्राउंडची, म्हणजे बोट प्रत्यक्ष सरकतेय त्या दिशेची, रेघ बघा.

आणखी एक. तिथली जमीन बदलते. हुलहुमाले अख्खं शहर भराव टाकून १९९७ पासून बनवलंय. नवीन रिसॉर्टसाठी लगून भरतात, रीफ फोडून बंदर करतात, वाट खणतात. जुन्या चार्टवर सलग रीफ आणि प्रत्यक्षात खांब लावलेली वाट असं होतं, उलटंही होतं. मालेजवळ पूल आहेत. २०१८ चा सिनामाले आहेच, आणि थिलामाले पुलाचं कामही सुरू झालेलं आहे, तेही आपल्या मुंबईच्या ॲफकॉन्स कंपनीने घेतलेलं. मास्टची उंची पाण्यापासून किती ते नक्की मोजून ठेवा आणि त्या भागात जाण्याआधी एजंटकडून ताजी माहिती घ्या.

नांगर प्रवाळावर टाकू नका ही विनंती. वाळूचा तुकडा शोधा. बऱ्याच ठिकाणी २०-२५ मीटर पाण्यात टाकावा लागतो, साखळी भरपूर न्या. ही प्रवाळं २०१६ च्या गरम पाण्याने आधीच पांढरी पडून गेली होती, आता कुठे काही जागी परत येतायत, त्यांच्यावर साखळी फिरलेली बघवत नाही.

वीकेंड_सेलर

वाचलं सगळं. डेप्थ अलार्मबद्दल काकांचं म्हणणं मान्य. पण मग ॲपचा उपयोग काय उरला?

शिसं_आणि_दोरी

भरपूर उपयोग आहे, गैरसमज नको. एका ॲटॉलहून दुसऱ्याला जाताना, वेळ आणि अंतर काढताना, रात्री खुल्या पाण्यात आपण कुठे आहोत हे बघताना त्यासारखं साधन नाही. आमच्या तरुणपणी हे मिळालं असतं तर किती रात्रींची झोप वाचली असती. आणि सगळ्यात उत्तम उपयोग म्हणजे तुमचा स्वतःचा ट्रॅक. सकाळी चांगल्या उजेडात डोळ्याने बघत ज्या वाटेने आत आलात तो ट्रॅक सेव्ह करा. हवा बिघडून अंधारात बाहेर पडायची वेळ आली तर ती एकच रेघ अशी आहे की जी तुमच्याच बोटीने, तुमच्याच ड्राफ्टने, तुमच्याच जीपीएसने मोजलेली आहे. तिच्यावरून उलटं बाहेर या.

सेकंड_मेट

काकांच्या म्हणण्यात भर. टॅब उन्हात तापला की बंद पडतो, सावलीची जागा करा. चार्ट आणि टाइल्स दोन वेगळ्या उपकरणांवर ऑफलाइन ठेवा, बोटीच्या बॅटरीवर अवलंबून नसलेलं एक तरी. आणि सगळ्या द्वीपमालेचा कागदी चार्ट एक घ्याच. टेबलवर पसरला की चौघांना एकाच वेळी अख्खं चित्र दिसतं, छोट्या स्क्रीनवर ते होत नाही.

शिडाची_होडी

मंडळी, कसे आभार मानू. आता असं ठरवलंय की रूट दोन भागांत ठेवायचा. ॲटॉलच्या बाहेरचा भाग ॲपवर आखायचा आणि मोठ्या झूमवर दोघांनी वेगवेगळा तपासायचा. आत शिरायच्या प्रत्येक वाटेसाठी सेंटिनेलच्या टाइल्स, पिक्सेलताईंनी सांगितलं तसं, आणि प्रत्येक वाटेला वेळ ठरलेली, दहा ते तीन. ती वेळ चुकली तर त्या दिवशी आत जायचं नाही.

यावरून शेवटचा प्रश्न. कोची ते उलिगन सहा नॉटने ४३-४४ तास, म्हणजे दुपारी तीनला निघालो तर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास पोचतो. पण वारा पडला आणि संध्याकाळ झाली तर रात्रभर बाहेर कुठे थांबायचं? पूर्वेच्या बाजूला थांबावं असं आमच्यातला एक म्हणतोय कारण तिकडून एंट्री जवळ.

निळाई

पूर्वेला जवळ थांबू नका. जानेवारीत वारा ईशान्येचा आणि प्रवाहही पश्चिमेकडे ओढणारा, दोन्ही तुम्हाला रीफकडेच ढकलणार. शिडं उतरवून नुसतं तरंगत राहिलात आणि बोट एक नॉटने जरी सरकली तरी दहा तासांत दहा मैल होतात, आणि रीफवर ना दिवा ना आवाज, फेस दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. नांगर टाकायचा विचारही करू नका, बाहेर पाणी शेकडो मीटर आहे.

दुपारी तीनच्या आत वाटेशी पोचणार नसाल तर वेग कमी करून बाहेरच राहा. पूर्वेलाच राहायचं असेल तर निदान वीस-पंचवीस मैल दूर, थोडं शीड ठेवून ईशान्येकडे हळूहळू चढत, आणि पहारा दोघांचा. रात्री या पट्ट्यात मासेमारी बोटी असतात आणि आठ डिग्री चॅनेलमधून मोठी जहाजंही जातात, एआयएस (जहाजांना एकमेकांची जागा कळवणारं यंत्र) चालू ठेवा. उजाडलं की वळा आणि सूर्य वर येईपर्यंत आरामात या, सकाळी सूर्य पूर्वेला म्हणजे तुमच्या पाठीमागेच असेल, पूर्वेकडून आत यायला तीच वेळ चांगली. उलिगनला पोचलात की व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर हाक मारा.